बाहुलीच्या डायवर फोडलेला नारळ

खेळणी बनवणाऱ्यांना मुलं फार आवडत असतील, असा लोकांचा एक भाबडा समज असतो. मी ज्या खेळण्यांच्या कारखान्यात सहा वर्षं काढली, तिथे मुलं कोणालाच आवडत नव्हती. आमच्या मालकांना तर मुळीच नाही. त्यांच्या मते मूल म्हणजे असं गिऱ्हाईक, की आपण काय घेतोय ते त्याला कळत नाही. आणि ज्यांना कळतं ते आईबाप भर रस्त्यात भोकाड नको म्हणून घेऊन टाकतात. या एका अज्ञानावर आणि एका अगतिकतेवर आमचा धंदा चालायचा.

कारखाना म्हणजे डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला, एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. डावीकडे रंगाचा कारखाना, उजवीकडे कसलंसं अॅसिड बनवणारा. नाल्याचं पाणी सोमवारी हिरवं, मंगळवारी जांभळं. हवा अशी, की दाराला नवीन कुलूप लावलं तर महिन्याभरात ते आजोबांच्या वेळचं वाटायला लागे. हे कुलपाचं लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मालक डोंबिवलीचेच. सरकारी कचेरीतून मुदतीआधी बाहेर पडून ‘मराठी माणसाने उद्योगात उतरलं पाहिजे’ म्हणून उतरलेले. हे वाक्य ते गणेशोत्सवात, मुंजीत आणि एकदा तर स्मशानातही बोलल्याचं मी स्वतः ऐकलंय. उद्योगात उतरणं म्हणजे काय, तर ठाण्याला एक खेळण्यांचा कारखाना बंद पडला, त्याच्या जुन्या डाय यांनी उचलून आणल्या. प्लास्टिकच्या धंद्यात साच्याला डाय म्हणतात. पोलादाचे दोन जाडजूड ठोकळे, आत वस्तूचा उलटा आकार कोरलेला. दोन्ही घट्ट मिटायचे, आत वितळलेलं प्लास्टिक दाबायचं, थंड झालं की उघडायचं. उघड, मीट, उघड, मीट. ठाण्याच्या मालकाने त्या डायकडून जितकं काढायचं तितकं काढून झालेलं, म्हणून तर त्याने त्या दिल्या. आमचे मालक मात्र घरात नवी सून आणावी तशा थाटात त्या टेंपोतून घेऊन आले.

त्यातली मुख्य होती बाहुलीच्या चेहऱ्याची डाय. या एका चेहऱ्यावर आम्ही काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती. पिवळे केस चिकटवले की परदेशी बाहुली. काळे केस आणि टिकली लावली की नवरी. पांढरी टोपी घातली की नर्स. श्रावणात तोच चेहरा निळ्या प्लास्टिकमध्ये काढून वर मोरपीस खोचलं की बाळकृष्ण. बाळकृष्णाच्या ओठांना लिपस्टिक का, असं कोणी विचारलं नाही. डोंबिवलीकर नाटकातल्या एका चुकलेल्या उच्चारावर अर्धा तास बोलतात, पण देवाच्या ओठाची लाली त्यांच्या नजरेला पडत नाही.

आता माझी ओळख. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा. दुसऱ्या खेपेला सुटलेला, पण सर्टिफिकेटवर खेप लिहीत नाहीत. मालकांनी ते सर्टिफिकेट माझ्याकडून मागून घेऊन ऑफिसात फ्रेम करून लावलेलं. तपासणीला येणारे साहेब लोक आधी ते बघायचे, मग मला बघायचे, आणि मग पुन्हा सर्टिफिकेट बघायचे.

डायचं खरं काम बघायचे ते मिस्त्री. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, पन्नाशीचे, खाकी हाफपँट आणि वर बनियन. घरात होड्या, जाळी; पण यांनी तरुणपणीच पोलादात हात घातलेला. डायच्या कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली असायची. ती किल्ली मालकांकडेसुद्धा नव्हती. सुट्टीच्या आदल्या दिवशी मिस्त्री प्रत्येक डाय उघडायचे, तेलाचा हात फिरवायचे, मिटायचे, फडक्यात गुंडाळायचे आणि कपाटाला कुलूप. आजारी असले तरी रिक्षा करून तेवढ्यासाठी यायचे.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना अक्कल शिकवायला गेलो. म्हटलं, “मिस्त्री, ही डाय झिजत चाललीय. म्हणजे आता बाहुली बारीक यायला लागेल. त्याचा हिशेब करायला हवा.”

त्यांनी माझ्याकडे डॉक्टर बघतो तसं बघितलं.

“सायब, खड्डा मोठा झाला तर त्यात पानी जास्ती ऱ्हाईल का कमी?”

“जास्ती.”

“मंग बावली बारीक कशी व्हईल? डाय झिजली का बावली जाडी व्हते. तुज्या कालेजात उलटा टांगून शिकवतात काय?”

पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बरोबरच होतं. झिजलेल्या डायमधून माल जाड आणि पुसट येतो. नाकाची धार जाते, ओठ पसरतात, आणि दोन ठोकळे नीट मिटत नाहीत म्हणून कानापासून कानापर्यंत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा येतो. तो बायका ब्लेडने कापायच्या. मी आलो तेव्हा दोघी कापायच्या, दोन वर्षांत पाच जणी कापायला लागल्या. मिस्त्री दर महिन्याला मालकांना सांगायचे, नवी डाय करा. मालक म्हणायचे, “अहो मिस्त्री, म्हाताऱ्या माणसाला आपण टाकून देतो का?” यावर त्यांचे डोळे खरोखर पाणावायचे. स्वतःच्या आईला त्यांनी भावाकडे ठेवलेलं होतं, हा भाग वेगळा.

तिसऱ्या वर्षीची खंडेनवमी. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. मिस्त्रींच्या घरी होडीची पूजा, म्हणून ते दुपारीच निघाले. निघण्याआधी सगळ्या डायना तेल लावून, गुंडाळून ठेवलं. पूजेसाठी एक तरी डाय बाहेर हवी, म्हणून बाहुलीची तेवढी मशीनशेजारी पाटावर ठेवली, मिटलेली. करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. त्यांनी ती कोणाला दिल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो.

“पूजा झाली का कपाटात ठेव. वरून हलद-कुंकू लाव. उघडू नको.”

“हो हो.”

“हो हो नाय. उघडू नको.”

हे वाक्य मला आजही त्याच आवाजात ऐकू येतं.

संध्याकाळी मालक आले, सोबत सौभाग्यवती आणि नवीन घेतलेला कॅमेरा. बाईंनी मिटलेले दोन काळे ठोकळे बघून विचारलं, “पूजा याची करायची? यात देवासारखं काय आहे?” मालकांनी माझ्याकडे बघितलं. मला डिप्लोमा झाल्यासारखं वाटलं. म्हटलं, “अहो काकू, आत चेहरा आहे!” आणि उघडली.

कुंकू लावायला गेलो तर तेलावर ते ठरेना, ओघळायला लागलं. काकू म्हणाल्या, “शी, ओंगळ दिसतंय.” मग मी पेट्रोलचा बोळा घेतला आणि पोलादाचा तो आतला चेहरा लख्ख पुसून काढला. असा चकचकीत केला की मालकांनी “वा!” म्हटलं. कपाळाला हळद-कुंकू, डोळ्यांच्या खड्ड्यांत अक्षता, गालावर ओला झेंडू. आणि मग, इतकं केलंच आहे तर, म्हणून नारळ त्या डायच्याच कडेवर फोडला. मालकांनी नेमक्या क्षणी फोटो काढला. नारळाचं पाणी चेहऱ्यात भरलं. तळं झालं छान. काकूंनी हात जोडले.

पुसायचं? पूजेनंतर लगेच देवाचं तोंड पुसायचं का, असा एक धार्मिक विचार माझ्या मनात आला. एरवी माझ्या मनात धार्मिक विचार येत नाहीत. उद्या उत्तरपूजा करून पुसू, असं ठरवून मी डाय तशीच मिटली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि किल्ली खिशात घेऊन दसऱ्याला मामाकडे कल्याणला गेलो. श्रीखंड खाल्लं, झोपलो, रविवारी पुन्हा खाल्लं.

सोमवारी मिस्त्रींनी किल्ली घेतली, डाय काढली, मशीनवर चढवली. न उघडता चढवली, कारण आत आपणच लावलेलं तेल आहे, अशी त्यांची खात्री. मशीनवर उघडताना करकर असा आवाज आला. आत झेंडूचा काळा लगदा आणि तांबूस गंज. मिस्त्रींनी ते खरवडून पुसलं आणि एक बाहुली काढून बघितली.

डायमध्ये जिथे खड्डा, तिथे मालावर उंचवटा. बाहुलीच्या सगळ्या तोंडावर बारीक पुरळ उठलेलं होतं. पॅकिंगमधल्या सगळ्यात जुन्या मावशींनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, “अगं बाई, हिला तर गोवर आला! लिंबाचा पाला आणा कोणीतरी.”

मालक आले. दिवाळीचा माल अडलेला. त्यांनी बाहुली बघितली, डाय बघितली आणि शेडच्या मध्यावर उभं राहून पुणेरी मराठीत गर्जना केली, “डायला तेल लावायची जबाबदारी कोणाची?”

मिस्त्री म्हणाले, “माजी.”

“मग हे काय आहे?”

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. जाळं टाकून बसलेला माणूस पाण्याकडे बघतो तसं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. आणि ते उघडलेलं होतंच. घाबरलो की माझं तोंड जरा उघडं राहतं, ही लहानपणची खोड. पण आतून शब्द आला नाही. मी कॅलेंडरकडे बघितलं. त्यावर आमच्याच बाळकृष्णाचा फोटो होता.

“वीस वर्षांचा अनुभव म्हणे!” मालक म्हणाले. “डाय दुरुस्त करा आणि मग त्या ग्राइंडरवर बसा. किल्ली साहेबांकडे द्या. शिकलेल्या माणसाच्या हातात असलेली बरी.”

ग्राइंडर म्हणजे वाया गेलेला माल पुन्हा दाणा करायला दळायचं मशीन. आमच्या शेडमधलं सगळ्यात खालचं काम. कानठळ्या आणि नाकातोंडात भुकटी. मिस्त्रींनी करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. तिला त्यांच्या अंगाची ऊब होती. त्या क्षणी बोललो असतो तर एका वाक्यात मिटलं असतं. मी म्हटलं, “थँक यू.” खरंच म्हटलं.

चार दिवस मिस्त्री त्या चेहऱ्यावर बसले. खड्डे घालवायचे तर सगळ्यात खोल खड्ड्यापर्यंत चेहराभर पोलाद उतरवावं लागतं. उतरवलं की चेहरा मोठा होतो आणि जुनं कोरलेलं सगळं जातं. डोळे, भुवया, ओठ पुन्हा कोरावे लागतात. मी मध्ये मध्ये जाऊन “कसं चाललंय?” विचारायचो. ते डोळ्याला भिंग लावून माझ्या तोंडाकडे बघायचे, मग डायकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, मनातल्या मनात शिव्या देतायत.

पाचव्या दिवशी पहिली बाहुली निघाली. गाल फुगलेले. डावा डोळा उजव्यापेक्षा जरा खाली. तोंड किंचित उघडं. पॅकिंगच्या टेबलावर ती हातोहात फिरली आणि एकेक बाई खाली वाकून खोकायला लागली. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “साहेब, गोड आहे हो. पण जरा घाबरलीय.”

मला तेव्हाही कळलं नाही. मी घरी जाऊन आरशात बघितल्यावर कळलं.

मालकांना कळलंच नाही. ते उलट खूश. “वा! काय भोळा चेहरा आहे! मुलांना असंच लागतं. काही कळत नाही असा.” आणि दिवाळीला माझा चेहरा नवरी, नर्स आणि परदेशी बाहुली होऊन बाजारात गेला. चेहरा बदला म्हणावं तर, का बदला, हे सांगावं लागणार. ते सांगायचं तर नारळापासून सांगावं लागणार. मी गप्प. खिशात किल्ली, समोर ग्राइंडर. ग्राइंडरवर मिस्त्री बसलेले, आणि बिघडलेल्या बाहुल्यांची माझी तोंडं एकेक करून त्यात टाकतायत. घाई नाही, काही नाही. कधी एखादं तोंड हातात धरून बघायचे, मग टाकायचे. दिवसाला पोतंभर.

इकडे कपाट माझ्या ताब्यात आलेलं. तेल लावायला मी दोनदा विसरलो. कुत्र्याच्या डायची शेपटी गंजली. मालकांनी शेपटी नसलेला कुत्रा ‘विलायती’ म्हणून विकला आणि तो लोकांनी घेतला. लोकांविषयी माझं मत तेव्हापासून जे झालंय ते झालंय.

संक्रांतीच्या आसपास आईने माझ्या भाचीसाठी बाजारातून बाहुली आणली. आमचीच, नवरीची. जेवताना तिने ती ताटाशेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत बसली.

“ही कोणासारखी दिसते रे?”

“बाहुलीसारखी.”

“नाही रे. शाळेत तू कोणाचा तरी डबा खाल्लेलास आणि मार दुसऱ्याच मुलाला बसलेला. तू तोंड उघडं टाकून उभा होतास, आठवतं? बाई मला बोलवायला आलेल्या. अगदी तोच चेहरा.” आणि वर म्हणाली, “टिकली लावलीय म्हणून, नाहीतर तूच.”

मी बाहुली उचलून पालथी ठेवली. आईला काहीच माहीत नव्हतं. तिने फक्त चेहरा वाचला होता, आणि त्यात मिस्त्रींनी लिहिलेलं सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ऑफिसात गेलो. भाषण पाठ केलेलं. “सर, तुम्हाला एक सांगायचंय. त्या डायचं. मिस्त्रींनी तेल लावलेलं होतं. मी...”

मालकांनी मान वर न करता भिंतीकडे बोट केलं. माझ्या सर्टिफिकेटशेजारी खंडेनवमीचा फोटो फ्रेम करून लावलेला. उघडी डाय, हवेत नारळ, आणि दात काढलेला मी. दिवाळीपासून तो तिथे होता. मी रोज त्याच्याखाली बसून चहा प्यायचो.

“तो काय तुमच्या लग्नातला फोटो आहे?” मालक म्हणाले. “मला डोळे नाहीत का?”

“मग मिस्त्रींना का...”

“अहो, शिकलेल्या माणसाला ग्राइंडरवर बसवून तपासणीवाल्यांना दाखवू कोणाला? आणि ते रोज नवी डाय, नवी डाय करायचे, ते तरी थांबलं.” मग चष्मा पुसत म्हणाले, “किल्ली द्यायची तर द्या त्यांना परत. मला कुलूप उघडल्याशी कारण.”

माझ्या आयुष्यातला पहिला कबुलीजबाब असा फुकट गेला. या माणसाला माझी लाजसुद्धा नको होती.

किल्ली घेऊन मी ग्राइंडरपाशी गेलो. “मिस्त्री, सांगितलं मी मालकांना. ही घ्या.”

ते किल्लीला शिवले नाहीत. “ऑफिसात सांगितलास? मालक मना वाईट हितं बोलला, आनि चांगला तू तितं जाऊन बोलतंस? हितं बोल.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“मंग काय पाटावर बसवून पूजा करू तुजी?” त्यांनी ग्राइंडरचा खटका बंद केला. मग मशीनवाल्याला हात केला, तेही मशीन थांबलं. शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पाच बाया ब्लेड हातात धरून माझ्याकडे बघत.

मी बोललो. पाठ केलेलं सगळं विसरलो. “मिस्त्रींनी उघडू नको सांगितलेलं. मी उघडली. तेल मी पुसलं. नारळ मी फोडला. नंतर गप्प पण मीच बसलो.” एवढंच. तोंड नेहमीप्रमाणे उघडं राहिलं.

मावशी म्हणाल्या, “अहो साहेब, हे आम्हाला त्याच सोमवारी माहिती झालं. मिस्त्री कधी डायमध्ये झेंडू घालतात का? आम्ही नुसती वाट बघत होतो तुम्ही कधी बोलताय त्याची. या पोरींनी तर पैजा लावलेल्या. तुम्ही होळीपर्यंत बोलणार नाही, असं माझं म्हणणं होतं. हरले मी.”

म्हणजे साऱ्या शेडमध्ये माझं गुपित फक्त मलाच गुपित होतं.

मिस्त्रींनी किल्ली घेतली, करगोट्याला बांधली, दोनदा ओढून बघितली. मी धीर करून म्हटलं, “मिस्त्री, आता तेवढा चेहरा बदला ना.”

“नाय व्हनार. डाय म्हातारी झाली. आजून खरवडली तर फुटल.” मग पोत्यातली एक बाहुली काढून तिचा डावा कान माझ्या अंगठ्याखाली धरला. “बघ काय लागतंय.”

कानामागे काहीतरी टोचलं. बारीक, लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं. तांदळाचा दाणा. माझी अक्षता तिथे चिकटून राहिलेली आणि तिच्याखालचं तेवढंच पोलाद गंजाने खाल्लेलं.

“सगले खड्डे काढले,” मिस्त्री म्हणाले. “ह्यो ठेवला. चेहरा मी केला. पर काम तुजा हाय, तर सही तुजी नको?”

पुढे नव्वदनंतर मालकांनी नवी डाय न करताच कारखाना आवरला. आवरण्याआधी मिस्त्री आपणहून निघाले आणि जाताना किल्ली मावशींना देऊन गेले, मला नाही. डाय कल्याणच्या बाजूला कोणीतरी नेली, तिथून आणखी कोणीतरी. म्हाताऱ्या माणसाला आपण टाकून देत नाही, त्यातला प्रकार. मीही एव्हाना दोनतीन हातांतून फिरून भिवंडी रस्त्याच्या एका गोदामात हिशेबनीस झालो होतो.

एका जत्रेत, कल्याणलाच, ती मला पुन्हा दिसली. निळी, मोरपीसवाली. गाल आणखी फुगलेले, नाक जवळजवळ गेलेलं, ओठ म्हणजे एक फुगीर पट्टी, डोळे कुठे आहेत ते रंग लावणाऱ्याने अंदाजाने ठरवलेले. तोंड उघडं होतं की मिटलेलं, तेही कळत नव्हतं. माझ्याशी साम्य म्हणाल तर जाडी तेवढी जुळत होती. मी तिच्या डाव्या कानामागे अंगठा फिरवला.

दुकानदार वैतागला. “ओ काका, घ्यायची तर घ्या. कान काय पिरगाळताय देवाचा?”

दाणा होता. जसाच्या तसा.

मी ती घेतली. पिशवीत घातली आणि घरी न जाता खाडीकडे जाणारी रिक्षा पकडली. मिस्त्रींना दिसायचं कमी झालंय असं ऐकलेलं. पण अंगठा लावून बघायला डोळे कशाला लागतात.